दहा जीव आणि आईचा हात

उकव्याच्या जंगलात खाणीसाठी खणून सोडून दिलेल्या एका खड्ड्याचं पाणी मी दोन वर्षं तपासत होते. त्यातले एकपेशीय जीव हा माझ्या प्रबंधाचा विषय. ते एकेक करून मोजत बसायचे दिवस गेले. आता आम्ही बाटलीभर पाणी गाळतो, त्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकदम वाचतो आणि कोण कुणाचा नातलग ते ठरवतो. माझ्या यादीत डीएनएच्या अक्षरांचा एक क्रम प्रत्येक बाटलीत येत होता आणि त्याचं नातं कुणाशीच जुळत नव्हतं. तो कुणाच्या अंगातला, हे कळायला एकेक जीव वेगळा उचलून नळीत घालून वाचावा लागणार होता. त्याशिवाय शेवटचं प्रकरण पुरं होणार नव्हतं, आणि मुदत तर संपत आलेली.

म्हणून मी बाटल्या घेऊन बालाघाटला घरी आले. बाबा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतरही त्यांचा सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर मानानं बसलेला असतो. संशयित त्यांनीच सकाळी शोधला, कडेचे केस हलवत गिरक्या घेणारा एक लांबोडका. पण उचलायची वेळ आली की त्यांचा हात थरथरायचा. माझा हात ठीक आहे, मला धीर नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारपर्यंत आम्ही बापलेक एकमेकांवर खेकसायला लागलो होतो.

आई पलीकडे सुपात तांदूळ निवडत होती. "मी पाहू का?" तिनं विचारलं.

चाळीस वर्षं ते यंत्र ती रोज पुसत आली, आणि त्यात डोकवायला तिला आम्ही कधी बोलावलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं चष्मा काढून ठेवला, काचेची बारीक नळी हातात घेतली, घटकाभर नुसती पाहत राहिली आणि तांदळातला खडा वेचावा तसा तो एकटा वेचून माझ्या नळीत सोडला.

मी नळी बर्फात ठेवली.

"बर्फात काहून ठेवून राह्यली? गारठून मरंल ना तो."

खोटं बोलायचं मनात आलं, पण बाबा माझ्याकडे बघत होते. "आई, तो नळीतल्या औषधात पडला तेव्हाच फुटला. फुटल्याशिवाय आतलं वाचता येत नाही."

तिनं हात पुसले. "मंग आधी सांगाचं होतं." आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

मला अजून नऊ हवे होते, एकावर कुणी विश्वास ठेवत नाही. बाबांनी खुणेनं गप्प बसायला सांगितलं आणि मी, नवल म्हणजे, गप्प बसले.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "त्याच्यातले म्हातारे कोणते ते सांग. तेवढे देते उचलून."

"त्यांच्यात म्हातारं कोणी होत नाही. एक वाढला की मधातून चिरतो, दोन होतात. त्यांले कन्यापेशी म्हणतात."

"अन् माय?"

"माय उरत नाही. तीच दोघींत वाटली जाते. म्हणून तर लेकींच्या डीएनएवरून आम्ही मागची माय, तिच्या मागची माय शोधत जातो."

आईनं सूप बाजूला सारलं. मग उठून यंत्राशी बसली आणि एकेक करत नऊही उचलून दिले. त्या दहा नळ्यांनीच पुढं माझा क्रम जुळला आणि प्रकरण पुरं झालं.

शेवटचा नळीत सोडून तिनं डोळे चोळले. "म्हणजे तिथं लेकीले कोणी विचारत नसंल," ती म्हणाली, "जेवली का म्हणून."

चार वाजून गेले होते. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं, आणि ती ताट घ्यायला उठलीसुद्धा होती.