राजअळंबीचा खरा पत्ता

उर्शुले क्वाराचेयेनेनं खोटं बोलल्याचं आयुष्यात एकदाच कबूल केलं. तेही तीन परदेशी शास्त्रज्ञांसमोर, नणंदेच्या डुकरांच्या गोठ्यापुढे उभं राहून. मी तेव्हा तिच्या शेजारीच होते, हातात कागदांची फाइल घेऊन, आणि हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखत होत्या.

आमचं संशोधन केंद्र म्हणजे पाइनच्या जंगलाच्या कडेचं एक पिवळं लाकडी घर. मी तिथे टंकलेखन करायची. समोरच्या खोलीत उर्शुले असायची. एकतीस वर्षं ती एकच काम करत आली होती. जंगलातून आलेली अळंबी चिरायची, शेगडीवर वाळवायची, कागदी पाकिटात घालायची आणि पाकिटावर नाव, तारीख, ठिकाण लिहायचं. नऊ हजारांवर पाकिटं झाली होती. एखादी अळंबी ओळखू येईना, तर ती कडेचा कण दाताखाली धरायची, थुंकायची आणि नाव सांगायची. विद्यापीठातले लोक सूक्ष्मदर्शकातून दोन दिवस बघून त्याच नावावर यायचे.

नवरा जंगलरक्षक होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. कुंपणापलीकडे नणंद, ब्रोने. निवृत्त टपालवाली, लग्न न केलेली, गावातल्या प्रत्येक घरचं पत्र पाकिटाबाहेरून वाचता येणारी. दोघींचं रोज बोलणं आणि रोज भांडण. विषय बदलायचे, पण सगळ्या भांडणांच्या तळाशी एकच गोष्ट होती: सासूबाईंची जागा.

आमच्याकडे अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. नवरा बायकोला सांगत नाही. मरताना एकाच्या कानात सांगायची, की झालं. उर्शुलेची सासू या भागातली सगळ्यात मोठी राजअळंबी आणायची, तपकिरी टोपीची, मनगटाएवढ्या देठाची. बावीस वर्षांपूर्वी तिनं प्राण सोडले तेव्हा उशाशी उर्शुले होती. ब्रोने टपाल वाटून आली तोवर डोळे मिटलेले. जागा सुनेला मिळाली, लेकीला नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं. ब्रोने अधूनमधून सूपाच्या वाडग्यावरून म्हणायची, "वहिनी, आईचा वास येतोय हो तुमच्या सूपाला." उर्शुले म्हणायची, "वन्सं, मिठाचा येतोय. तुम्ही घालायला विसरता."

तर २००४च्या मे महिन्यात आमचा लिथुआनिया युरोपीय संघात गेला. गावात बँड वाजला, पाद्रीबुवांनी घंटा जरा जास्त वेळ वाजवली आणि पुढच्या वर्षी आमच्या केंद्राला मंत्रालयाचं पत्र आलं. तोवर राजधानी विल्नियसहून आम्हाला जे काही मिळायचं ते थोडं मिळायचं, उशिरा मिळायचं आणि त्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. आता देशाचं विज्ञान धोरण नवं झालं होतं. संशोधन संघाच्या मापानं मोजलं जाणार होतं. लहान केंद्रांनी संघाचा एखादा प्रकल्प मिळवून पार पाडायचा, नाहीतर राजधानीतल्या मोठ्या संस्थेत विलीन व्हायचं.

विलीन म्हणजे काय, ते उर्शुलेनं मला समजावलं. "चहात साखर विलीन होते, तसं. नंतर साखर कुठे गेली ते विचारायचं नाही." तिची नऊ हजार पाकिटं राजधानीतल्या तळघरात जाणार होती. ते तळघर तिनं पाहिलं होतं. भिंतींना ओल होती. वाळवलेल्या अळंबीला ओल लागली की वर्षभरात तिचा भुगा होतो. पाकिटावरचं अक्षर तेवढं उरतं.

आमचे संचालक डॉ. रोलान्दास. वय अडतीस, डेन्मार्कमध्ये सहा वर्षं शिकून आलेले, पण याच गावचे. लहानपणी उर्शुलेनंच त्यांच्या नाकातून वाटाणा काढलेला, त्यामुळे ते तिला मावशी म्हणायचे. त्यांनी प्रकल्प मिळवला. आमच्या भागात कुठली अळंबी कुठे उगवते याचा नकाशा करायचा. प्रत्येक नोंदीची अचूक जागा उपग्रहाच्या यंत्रानं टिपायची आणि सगळा नकाशा सगळ्यांसाठी खुला ठेवायचा. कारण, रोलान्दास म्हणाले, संघात ज्ञान सगळ्यांचं असतं.

हे त्यांनी केंद्राच्या व्हरांड्यात बारा गावकऱ्यांना यंत्रं वाटताना सांगितलं. बारा जणांनी माना डोलावल्या. पाद्रीबुवांनी तर यंत्राला आशीर्वादही दिला. कुणाचा चेहरा हलला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

वर्षभरात चारशे नोंदी झाल्या. त्या संघाकडे गेल्या, आणि नकाशा छापून आला तेव्हा तो मी भिंतीवर लावला. दुर्मीळ अळंब्यांचे, विषारी अळंब्यांचे, कडवट, कुणी न खाणाऱ्या अळंब्यांचे ठिपके जंगलभर अगदी जिथल्या तिथे. राजअळंबीचे ठिपके मात्र बघण्यासारखे होते. चार तळ्यात. दोन स्मशानात. एक रेल्वे फलाटावर, तिकीटखिडकीसमोर. आणि एक थेट ब्रोनेच्या डुकरांच्या गोठ्यात.

रोलान्दासनी एकेक ठिपका बोटानं तपासला. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. प्रत्येकाचं म्हणणं एकच: यंत्र बिघडलंय. फक्त राजअळंबी दिसली की बिघडतं का, असं रोलान्दासनी विचारलं. पाद्रीबुवा म्हणाले, सृष्टीची गूढं अशीच असतात. जो तो एवढंच समजून होता की थोडंसं खोटं आपण एकट्यानंच केलंय, एकानं काय बिघडतंय.

आता नोंदी बदलता येत नव्हत्या. पाठवलेल्या नोंदीला हात लावला तर तेही उघड दिसतं, असा नियम. आणि सप्टेंबरअखेर तीन परीक्षक येणार होते. दहा ठिपके ते स्वतः चिठ्ठ्या टाकून निवडणार, जागेवर जाऊन बघणार आणि मग केंद्र राहायचं की विलीन व्हायचं ते ठरणार.

परीक्षक आले गुरुवारी. एक पोर्तुगालचे प्राध्यापक, स्वच्छ बुटांचे. एक आयर्लंडचे, सारखे हसणारे. आणि एक फिनलंडच्या पिर्क्कोबाई, साठीच्या, रबरी बूट घरूनच घालून आलेल्या. त्या तरुणपणी लेनिनग्राडला शिकल्या होत्या आणि उर्शुलेही सोव्हिएत काळातल्या शाळेत रशियन शिकलेली, त्यामुळे उर्शुलेशी त्यांचं मोडक्या रशियनमध्ये थेट जमलं. बाकी दोघांशी रोलान्दास इंग्रजीत बोलायचे.

पिर्क्कोबाईंनी आधी पाकिटं बघायला मागितली. कपाट उघडलं, तसा त्या खोलीतला मिऱ्यासारखा सुका वास बाहेर आला. त्यांनी दहा-बारा पाकिटं काढली. प्रत्येकावर बारीक अक्षरात: टेकडीच्या उत्तर उतारावर, तिसऱ्या ओढ्यापासून चाळीस पावलं, पडलेल्या बर्चच्या बुंध्यावर. मग त्यांनी राजअळंबीचं पाकीट काढलं. ठिकाण: जंगलात. दुसरं काढलं. जंगलात. एकतीस वर्षांची सगळी राजअळंबी फक्त जंगलात. पिर्क्कोबाईंनी उर्शुलेकडे पाहिलं, उर्शुलेनं छताकडे. पाकिटं जागच्या जागी गेली.

चिठ्ठ्या निघाल्या. सात दुर्मीळ अळंब्या, तीन राजअळंब्या. सकाळभरात सातही जागा सापडल्या, एका पावलाचाही फरक नाही. पोर्तुगीज प्राध्यापकांनी वहीत काहीतरी भरभरून लिहिलं. मग आम्ही तळ्याच्या काठी जाऊन उभे राहिलो. ठिपका पाण्यात चाळीस मीटर आत. आयरिश पाहुण्यांनी विचारलं, की तुमच्याकडे ही पाण्याखाली उगवते का. नोंद पाद्रीबुवांची होती. ते म्हणाले, त्या वर्षी तळं जरा आटलं होतं.

दुसरा ठिपका फलाटावरचा. दुपारची गाडी नुकतीच येऊन गेलेली, दोन म्हाताऱ्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेल्या. आम्ही सगळे तिकीटखिडकीसमोर खाली वाकून बघत होतो. ही नोंद कुणाची, असं पोर्तुगीज प्राध्यापकांनी विचारलं. मी फाइल उघडली आणि मिटली. पुन्हा विचारल्यावर रोलान्दास लाल होऊन म्हणाले, "माझी." डेन्मार्कमध्ये सहा वर्षं राहूनही माणूस आतून आपलाच राहिला होता.

तिसरा गोठा. डुकरं आमच्याकडे बघत होती, आम्ही डुकरांकडे. ब्रोने घरी नव्हती. पोर्तुगीज प्राध्यापकांनी पेन खिशात घातलं, वही बंद केली आणि रोलान्दासना हळू आवाजात काहीतरी म्हणाले. रोलान्दासचे खांदे पडले. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, पण खांदे कळत होते.

तेव्हा उर्शुले बोलली. "त्यांना सांग, ही नोंद माझी. मी खोटं लिहिलं."

"मावशी, सांगून काय होणार आता?"

"सांग तर. बाकी चारशे नोंदींना माझ्या हातानं नाव दिलंय, ती नावं सगळी खरी आहेत. माझी एवढी एक जागा खोटी. खरी जागा दाखवते म्हणावं, चला." मग थबकून तिनं मला विचारलं, "आज वार कोणता?"

गुरुवार, मी म्हटलं. तिचा चेहरा जरा पडला. "गुरुवारी मी कधी जात नाही," ती पुटपुटली. "असो. पाकिटं ओलीत जाण्यापेक्षा बरं."

निघताना तिनं सगळ्यांची यंत्रं मागून घेतली, आपल्या पत्र्याच्या बादलीत घातली आणि वर झाकण लावलं. प्राध्यापकांनी विरोध केला. पिर्क्कोबाईंनी मात्र स्वतःचं यंत्र निमूट बादलीत टाकलं, तेव्हा त्यांनाही टाकावं लागलं.

आणि मग उर्शुलेनं आम्हाला फिरवलं. ओढा तीनदा ओलांडला, दोनदा एकाच दिशेनं. शेवाळ पायाखाली गादीसारखं दबत होतं, पाइनच्या बुंध्यांवर ऊन तांबूस पडलं होतं. आयरिश पाहुणे म्हणाले, हे वाकडं झाड आपण तिसऱ्यांदा बघतोय. रोलान्दासनी भाषांतर केलं. उर्शुले म्हणाली, "सांग, आमच्याकडे वाकडी झाडं पुष्कळ." पाद्रीबुवा मागे मागे येत होते, वाट ध्यानात ठेवायला झाडं मोजत. तिनं त्यांना जपमाळ काढून डोळे मिटून चालायला सांगितलं, आणि ते खरंच तसे चालू लागले. एकदा ओढ्यात गेले. आता हसण्यावर कुणाचाच ताबा राहिला नव्हता. पोर्तुगीज प्राध्यापक स्वच्छ बुटांसकट गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि तेही हसत होते, कशाला ते त्यांनाच माहीत नव्हतं.

शेवटी एका उंचवट्यामागे, तीन बर्च आणि एका ओकच्या मधोमध, उर्शुलेनं फांदी बाजूला केली.

तिथे ब्रोने होती. गुडघ्यांवर बसलेली, हातात वाकडी सुरी, शेजारी निम्मी भरलेली टोपली, आणि टोपलीत मनगटाएवढ्या देठाच्या राजअळंब्या.

वर एक सुतारपक्षी ठोकत होता.

"वन्सं," उर्शुले म्हणाली, "ही जागा तुम्हाला कुणी सांगितली?"

"आईनं. शेवटच्या सकाळी, मी टपालाला निघायच्या आधी." ब्रोने उठली, तिनं गुडघे झटकले. "म्हणाली, सुनेला कळू देऊ नकोस. सोमवारी आणि गुरुवारीच जा, इतर दिवशी अळंबी रुसते. तुम्हाला कुणी सांगितली?"

"त्यांनीच, त्याच दुपारी. म्हणाल्या, लेकीला कळू देऊ नकोस. मंगळवार आणि शुक्रवार."

बावीस वर्षं दोघी आलटूनपालटून त्याच ओकखाली येत होत्या. सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे कापलेल्या देठावर दोघीही शेवाळ पसरून जायच्या, त्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही. मधे कधी पीक कमी वाटलं, तर उर्शुले हरणांना शिव्या द्यायची. ब्रोने म्हणाली, तिनं रानडुकरांना दिल्या होत्या.

"आणि माझ्या सूपाला टोमणे मारत होतात," उर्शुले म्हणाली.

"मग काय, चव ओळखीची होती ना."

मग उर्शुले खाली बसली, अक्षरशः शेवाळावर बसली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ब्रोने तिच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःही हसत होती, हातातली सुरी आमच्याकडे रोखून. रोलान्दास भाषांतर करायला गेले, पण त्यांनाच हसू आवरेना.

पिर्क्कोबाईंनी बादली उघडली नाही. त्या ओकला टेकून उभ्या राहिल्या आणि उर्शुलेला रशियनमध्ये म्हणाल्या, "माझी आई अजून आहे. ब्याण्णव वर्षांची. अजून सांगत नाही."

मग त्यांनी बाकी दोघांना इंग्रजीत बराच वेळ काहीतरी समजावलं. ते रोलान्दासनी आम्हाला नंतर सांगितलं. संघाच्याच नियमात गरुडाच्या घरट्याची जागा नकाशावर अचूक दाखवत नाहीत, दहा किलोमीटरचा चौकोन तेवढा दाखवतात. त्यानं घरटं वाचतं आणि विज्ञानाचंही अडत नाही. बाईंचं म्हणणं, इथे अळंबीला धोका नाही, पण खऱ्या नोंदीला आहे. लोकांकडे अचूक जागा मागाल तर तळं मिळेल. चौकोन मागा, जंगल मिळेल. पोर्तुगीज प्राध्यापकांनी विचारलं, की तुमच्या देशातही असे खोटे ठिपके आहेत का. बाई म्हणाल्या, आमच्याकडे तळी पुष्कळ आहेत.

अहवाल डिसेंबरात आला. जी अळंबी कुणी खात नाही तिच्या नोंदी असाधारण अचूक. जी खातात तिच्या नोंदी चौकोनात बदलून पुन्हा घ्याव्यात. केंद्र आणि त्याचा संग्रह जागेवर ठेवावा. पुढच्या वर्षी मंत्रालयाच्या धोरणाच्या जाडजूड पुस्तकात, एकशे बाराव्या पानावर, खाद्य अळंबीबद्दल दोन ओळी आल्या: अचूक जागा नको, चौकोन पुरे. ते पान मीच टंकून भिंतीवर लावलं. रोलान्दास म्हणाले, देश संघात जाऊन विज्ञान बदललं की नाही माहीत नाही, पण आमची उर्शुलेमावशी दोन ओळींपुरती धोरणात शिरली. नवे चौकोन भरायला बाराही जण आले आणि कुणाचंच यंत्र बिघडलं नाही.

वारांवरून मात्र दोघींचं आठवडाभर भांडण चाललं. बुधवार कुणाचा, शनिवार कुणाचा. शेवटी ठरलं की रविवारी चर्चनंतर दोघींनी एकत्र जायचं, एकमेकींवर नजर ठेवायला.

त्या गुरुवारच्या टोपलीतली सगळ्यात मोठी राजअळंबी उर्शुलेनं सूपात घातली नाही. चिरली, शेगडीवर वाळवली, पाकिटात घातली. तो सुका वास खोलीभर पसरला तेव्हा मी पाकीट नोंदवायला घेतलं. संकलक या रकान्यात पहिल्यांदाच दोन नावं होती, उर्शुले आणि ब्रोने, एकाखाली एक. ठिकाणाच्या रकान्यात तिनं तिच्या त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: जंगलात.