मांडवाच्या दारावरचा पांढरा-लाल झेंडा

माझ्या पुतण्याचं लग्न देवळीला, घरासमोरच्या मोकळ्या जागेत मांडव घालून झालं. नवरी युरोपातली. म्हणून मांडवाच्या दारावर दोन देशांचे झेंडे हवेत, अशी माझ्या थोरल्या भावाची कल्पना. भावाला थाट फार प्रिय. त्याने लावलेल्या फ्लेक्सवर नवरा-नवरीपेक्षा शुभेच्छुकांची तोंडं मोठी होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना नवरीचं नाव उच्चारता येत नव्हतं. एका बाजूला आपला तिरंगा आणि दुसऱ्या बाजूला इटलीचा, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

मी हसलो. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, आणि लोकांच्या मिरवण्याला हसणं हा माझा जोडधंदा आहे. भावाला सांगितलं, पोरगी इटलीची आहे ती पासपोर्टापुरती. ती दक्षिण टिरोलची. आल्प्स पर्वतातला हा प्रांत पूर्वी ऑस्ट्रियाकडे होता, पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला. लोक जर्मन बोलणारे. इटलीत हुकूमशाही आली तेव्हा त्यांच्या शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली, मुलांना चोरून अक्षरं शिकावी लागली. त्यांचे पांढरे-लाल रंग मिरवायलाही बंदी आली. पुढे कित्येक वर्षं भांडून त्यांनी स्वतःचा कारभार मिळवला. अशा घरच्या माणसाचं स्वागत इटलीच्या झेंड्याने करायचं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

"तू मोठा शायना," भाऊ म्हणाला. "मंग तूच आण शिवून."

मी शिवून आणला. वर पांढरा पट्टा, खाली लाल, मधोमध ढालीत लाल गरुड. शिंप्याच्या हातून गरुडाचा थोडा कोंबडा झाला होता, पण दुरून चालण्यासारखा होता.

आधी मी पोरीला फोन करून विचारलं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. ती मराठी शिकली ती माझ्या वहिनीशी फोनवर बोलून, त्यामुळे तिची मराठी आमच्या चुलीजवळची आहे. ती म्हणाली, "झेंडा राहू द्या नं काका. आमच्या घरी ते सोपं नाई." मला वाटलं, बिचारी संकोचते आहे. ज्यांच्यावर इतकं दडपण होतं, त्यांची पोरं अशीच बोलणार. याबद्दल मी पुस्तकं वाचली होती. तिचं म्हणणं ऐकून घेण्याची गरज मला वाटली नाही.

तिचे वडील एकटेच आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. नागपूरहून भाड्याच्या गाडीने येऊन उतरले, तो बँडवाल्यांनी त्यांना घेरलं. भावाने फेटा बांधला, हार घातला. उंच, वाकलेला माणूस. सगळ्यांना हात जोडत होता. मग त्यांची नजर वर गेली आणि ते दाराच्या अलीकडेच थांबले. बँडवाल्याला वाटलं पाहुण्यांना गाणं आवडलं, त्याने आणखी जोरात वाजवलं.

मला वाटलं, गहिवरले. मी पुढे झालो आणि इंग्रजीत त्यांना त्यांच्याच प्रांताचा इतिहास सांगितला. शाळा, नावं, बंदी, सगळं. उन्हात, हार घातलेल्या अवस्थेत त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. "हो," ते म्हणाले, "बंदी होती." आणि मान खाली घालून त्या झेंड्याखालून आत आले.

थोड्या वेळाने हळद लागलेल्या हातांनी नवरीने मला बाजूला बोलावलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, माह्या बाबांची भाषा इटालियन आहे," ती म्हणाली. आजोबांना त्याच हुकूमशाहीने इटलीच्या दक्षिणेतून तिथल्या कारखान्यात कामाला आणून बसवलं होतं, जर्मन बोलणारे तिथे थोडे ठरावेत म्हणून. वडील तिथेच जन्मले. लहानपणी ज्या खिडक्यांत हा झेंडा दिसे, त्या खिडक्यांतून त्यांना 'परत जा' असं ऐकावं लागे. आई मात्र जर्मन बोलणारी. या दोघांच्या लग्नाला आईच्या माहेरचं एकही माणूस आलं नाही.

"आईच्या गावात बाबा लग्नाचे पाहुणे कधी झालेच नाई," ती म्हणाली. "मले वाटलं, इथं तरी होतीन."

मी शिडी मागवली. भाऊ धावत आला. "आता काऊन काढतं? व्हिडिओत आलं नं सारं," म्हणाला. त्याने ठरवलेला इटलीचा झेंडा लावला असता तर काही बिघडलं नसतं, हे मला तेव्हा त्याला सांगता आलं नाही, आणि आजही सांगितलेलं नाही. मी दोन पायऱ्या चढलो असेन, तेवढ्यात व्याही तिथे आले. सगळे वऱ्हाडी बघत होते. त्यांच्यासाठीच चाललेली धडपड त्यांना कळली होती, आणि ती त्यांना झेंड्यापेक्षा जास्त लागली असावी. त्यांनी माझ्या कोपराला हात लावून मला खाली उतरवलं.

"असू द्या," ते म्हणाले. "तिच्या आईला आवडला असता."

बस्स, एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी जेवण कुठे आहे ते विचारलं.

पंगतीत त्यांनी स्वतःच जागा निवडली, दाराकडे पाठ करून. यजमान म्हणून मला समोरच बसावं लागलं. त्यांना आलू-वांग्याची भाजी तिखट लागत होती. ते डोळे पुसत होते आणि वाढप्याला हाताने थोडं आणखी म्हणत होते. फेटा त्यांनी अजून काढला नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं, आणि मी जेवण होईपर्यंत मान वर केली नाही.