सोरटबाई

सोरट हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. तो पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत ‘सोर्त’ म्हणजे नशीब. आपल्याकडे चिठ्ठ्या टाकून बक्षीस काढणं म्हणजे सोरट. पुढे लोक लॉटरी म्हणू लागले आणि नोटिशीवर सोडत आली. हातमोज्यांच्या एका कारखान्यात मात्र जुना शब्द टिकला, तो माझ्या आत्यामुळे. ती तिथे कारकून होती. वसाहतीतल्या रिकाम्या खोल्या दरवर्षी चिठ्ठ्या काढून कामगारांना मिळत, आणि त्या लिहून घडी घालण्याचं काम तिचं. म्हणून ती सोरटबाई. शिलाईवाल्या बायका तिला चिडवायच्या, की यंदा आमची चिठ्ठी जरा जाड कागदाची करा. आत्या म्हणायची, पुठ्ठ्याचीच करते.

यादीत तिचंही नाव असे आणि ती स्वतःची चिठ्ठीही लिही. पण घडी घालणाऱ्याने आपलं नाव डब्यात टाकायचं नाही, हा तिनेच घालून घेतलेला नियम. ती चिठ्ठी दौतीखाली सरकवायची. अशी एकोणीस वर्षं गेली.

मग आतोबांचे पाय गेले. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षं ते खाली उतरले नव्हते. दारात खुर्ची टाकून येणारी-जाणारी माणसं बघावीत, एवढंच त्यांना हवं होतं. त्या वर्षी तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. मॅनेजरच म्हणाले, बाई, यंदा तुमचं नाव घालाच.

सकाळभर बसून तिने एकशे त्रेचाळीस चिठ्ठ्या केल्या. दुपारी जेवणघरात सोरट निघालं. एक खोली रंगखात्यातल्या माणसाला, दुसरी पॅकिंगमधल्या एका विधवेला. उरलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडून यादीशी ताडायच्या, अशी तिथली पद्धत. एक कमी भरली.

आत्या उठून आपल्या टेबलाशी गेली. चिठ्ठी दौतीखाली होती. दरवर्षीप्रमाणे हाताने आपलं काम केलं होतं.

मॅनेजर म्हणाले, सोरट रद्द, पुन्हा काढू. पॅकिंगमधली बाई खाली मान घालून बसली होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं.

“नको. चूक माझ्या हाताची आहे, त्यांची नाही.”

घरी आतोबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते.

“नाही निघालं,” ती म्हणाली.

“असू दे गं. डब्यात तरी होतो ना आपण?”

“होतो,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षीही तळमजल्याची एक खोली रिकामी झाली. आतोबा तोवर नव्हते. आत्याने यादीतलं आपलं नाव खोडलं आणि चिठ्ठ्यांचं काम दुसऱ्या कारकुनाला देऊन टाकलं. मला तिने हे सगळं सांगितलं ते त्यानंतर, भाजी निवडता निवडता. सांगून झाल्यावर तिने देठं गोळा केली. मग विचारलं, “खरं सांगितलं असतं तर रागावले असते का रे ते?”