श्रुतिकेतली वर्षं

लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या सुट्टीत नवऱ्याने मला ती परदेशी मालिका दाखवली. तो फौजेत आहे. सुट्टीला आला की सुरुवातीचे दिवस पाहुण्यारावळ्यांत आणि उसाच्या कामात जायचे. मग उरलेल्या दुपारी पलूसच्या घरात वरच्या खोलीत पंखा लावून आम्ही लॅपटॉपसमोर बसायचो. औषधं घेऊन ग्रहाग्रहांवर फिरणारं एक जुनाट अंतराळयान, त्याचा तापट कॅप्टन आणि इंजिनं सांभाळणारी एक मेकॅनिक बाई, अशी ती गोष्ट होती. नवऱ्याला लढाया आवडायच्या. मला मेकॅनिक आवडायची. ती फारसं बोलायची नाही. काही बिघडलं की आधी इंजिनाला कान लावून उभी राहायची.

शेवटचा भाग आम्ही तो परत जायच्या आदल्या दुपारी पाहिला. यान वाचवायला मेकॅनिक एका बर्फाळ चंद्रावरच्या ओस ठाण्यात मागे राहते आणि यान निघून जातं. मालिका तिथंच संपली.

"मग हिचं काय झालं?" मी विचारलं.

"आसंल तिथंच," तो बॅग भरत म्हणाला. "मालिकाच बंद पडली की. बघणारी माणसं कमी पडली म्हणं."

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या स्टेशनवर त्याला गाडीत बसवून मी तशीच हॉस्पिटलात कामाला गेले. तिथल्या लॅबमध्ये मी रक्त-लघवीच्या तपासण्या करते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते, आणि डोक्यात आपली ती बाई, एकटी, बर्फात.

श्रुतिकांचा शोध मला पुढे बऱ्याच महिन्यांनी लागला. मालिका बंद पडल्यावर तिच्या चाहत्यांनी आरडाओरडा केला होता, आणि तिकडच्या एका छोट्या कंपनीनं ती गोष्ट नुसत्या आवाजात पुढं चालू ठेवली होती. मेकॅनिकचं काम करणारी नटी तीच. मी पहिली श्रुतिका घेतली आणि सकाळच्या एसटीत कानात लावली.

पलूसहून सांगली आणि तिथून मिरज, हा माझा रोजचा रस्ता. सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. मालिकेला खाली अक्षरं तरी यायची, इथं नुसती बोली इंग्रजी, तीही वाऱ्याच्या घोंघावण्यातून. मी एकेक वाक्य मागं नेऊन पुन्हा ऐकायचे. पण हळूहळू माणसांच्या बोलण्याआधी मला ठाणंच ओळखू यायला लागलं. हवेचा पंप धापा टाकायचा. लोखंडी जिन्यावर तिचे बूट वाजायचे. खालची पायरी सैल होती, तिचा आवाज वेगळा. एका भागात तिनं ती पायरी घट्ट केली, तर मला चुकल्यासारखं झालं.

फार लांबच्या दुसऱ्या एका ठाण्यावर एक म्हातारा रेडिओवाला असतो. त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचायला आख्खा दिवस लागतो. ती विचारते, "आज काय खाल्लंस?" आणि उत्तर येतं तेव्हा तिला नवी भूक लागलेली असते. तरी दोघं बोलत राहतात. वर्षानुवर्षं. त्याच्या गुडघ्याविषयी, तिनं डब्यात वाढवलेल्या शेवाळाविषयी. ते एकमेकांना कधीच पाहत नाहीत.

एका भागात त्याचं उत्तर येत नाही. ती वाट बघते, पंप दुरुस्त करते, पुन्हा वाट बघते. मग नेहमीच्या वेळेला माईक उघडून आज आपण काय खाल्लं ते त्याला सांगते. दुसऱ्या दिवशीही सांगते. भाग तसाच संपतो.

"ओ बाई, सांगली आली. उतरायचं न्हाई व्हय?" कंडक्टर माझ्यासमोर उभा होता. गाडी रिकामी झाली होती. त्या दिवशी माझी मिरजेची गाडी चुकली.

हे सांगायचं कुणाला? लॅबमधल्या मैत्रिणीला सांगून बघितलं. "एवढी इंग्रजी डोकेफोड करण्यापेक्षा आपली मराठी सिरीयल बघ ना," ती म्हणाली. नवऱ्याला फोनवर सांगायला गेले, तर तो डोंगरातल्या वरच्या चौकीवर. रेंज यायची आणि जायची. मी म्हणायचे, "त्या म्हाताऱ्याचं उत्तरच आलं न्हाई ओ." तो म्हणायचा, "कुणाचं? आवाज तुटतोय गं. आईचं गुडघं कसं हाय? हिरीवरची मोटर चालू हाय का?" मग मी मोटरचं सांगायचे.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. सासरेही फौजेतलेच. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आम्हाला मूल झालं नाही, आणि त्यावर बोलणंही आता थांबलं होतं. सासूबाई एकदा मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "कानात त्ये घालून हसतीस, डोळं पुसतीस. कोण बोलतंय तिकडं?"

"नाटक हाय आत्या. एक बाई चंद्रावर एकटी ऱ्हाती."

"पोरंबाळं?"

"न्हाईत."

त्यांनी थोडी मेथी निवडली. "मग खाती काय?"

मी शेवाळाचं सांगितलं. म्हाताऱ्याचंही सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि देठं गोळा करून उठल्या. विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

अशीच चार-पाच वर्षं गेली. मग बातमी आली. जुन्या मालिकेतून टीव्हीवर एक नवी मालिका निघणार होती, आणि ती खास मेकॅनिकची होती. मी लॅबमध्ये एकटीच हसले. आता माझी बाई पडद्यावर दिसणार, ते ठाणं, तो जिना. म्हाताऱ्याचा आवाज ऐकताना तिचा चेहरा कसा होतो तेही कळणार. फोन लागला तेव्हा नवऱ्याला म्हणाले, "तुमी आल्यावर संगं बघू. मी थांबते."

"व्हय, थांब," तो म्हणाला.

मी थांबले. मालिका सुरू झाली, गाजली. मी इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या पानांवर जायचं सोडून दिलं, मोबाईलवर कुठं तिचं चित्र दिसलं की चटकन बोट फिरवायचे. ऊसतोडीच्या दिवसांत तो आला. पाहुणे आटोपले, आणि एका दुपारी मी खालच्या खोलीतल्या टीव्हीवर पहिला भाग लावला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या.

"लाव, लाव. मस्त हाय," तो म्हणाला.

"तुमी पाहिली?"

"ट्रेनिंगच्या कोर्सला खाली आलो हुतो न्हवं, तवा. पोरं लावून बसली, मग मी पण बसलो."

"तुमी थांब म्हणाला हुता मला."

"मग काय झालं? परत बघतोय की तुझ्यासंगं." त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. त्याला खरंच त्यात काही वाटलं नव्हतं.

मालिका सुरू झाली. यान त्या चंद्रावर परत येतं. दार उघडतं. ठाणं दिसलं, आणि मला ते फार लहान वाटलं. माझ्या कानातलं ठाणं खोल होतं, याला नुसता उजेडच जास्त. कॅप्टन आत येतो. भिंतीशी काचेची एक पेटी, तिच्यात मेकॅनिक गोठवलेल्या झोपेत. तो झाकण उघडतो. ती डोळे उघडते, हसते आणि विचारते, "किती वेळ झोपले मी?"

"सुटली बिचारी," नवरा म्हणाला.

"खोटं हाय ह्ये," मी म्हणाले.

"काय खोटं?"

"ती झोपली न्हवती. जागी हुती. सगळी वर्षं जागी हुती."

त्यानं रिमोटनं चित्र थांबवलं. "आगं, ती तुझी आवाजाची नाटकं काय खरी धरत न्हाईत. पडद्यावर दिसलं तेवढंच धरायचं आसतं."

तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "मग त्यो म्हातारा?"

"कोण म्हातारा?" त्यानं वळून विचारलं.

"तिच्यासंगं बोलायचा त्यो. लांबनं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. मी चहा ठेवायला उठले आणि दूध वर येऊन खाली बसेपर्यंत ओट्याशी उभी राहिले.

पुढचे भागही मी पाहिले, त्याच्या शेजारी बसून. खोटं कशाला बोलू, काही चांगले होते. नटीनं जीव ओतला होता. तिचा मला राग आला नाही. पण पडद्यावरची ती बाई पंपाजवळून जाताना एकदाही थांबली नाही, आणि मला तिची ओळख पटेना. चाहत्यांच्या पानावर मी मोडक्या इंग्रजीत तसं लिहिलं. लोक आपापसात हुज्जत घालत राहिले, काय खरं धरायचं आणि काय नाही यावर. माझ्या लिहिण्याला कुणी उत्तर दिलं नाही.

जाताना नवरा आपणहून म्हणाला, "टाक की माझ्या मोबाईलमधी तुझी नाटकं. ऐकतो तरी." मी सगळी टाकून दिली. काही आठवड्यांनी फोन आला. "ऐकाय घेतलं गं. पण नुसता वाराच वाजतोय. कुणी बोलतच न्हाई."

"पुढं बोलत्यात."

"हां, ऐकतो मग," तो म्हणाला. मी परत कधी विचारलं नाही आणि त्यानंही विषय काढला नाही.

एका रविवारी आम्ही दोघी अंगणात शेंगा फोडत होतो. सासूबाई म्हणाल्या, "सांग की गं त्या बाईचं. पहिल्यापासनं." मी सांगत गेले. पायरीचं सांगितलं, शेवाळाचं, उत्तर न आलेल्या दिवसांचं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर टरफलं सुपात ओढत त्या म्हणाल्या, "तुझं मामंजी पेन्शनीवर आलं तवा पहिल्या दिशी मला म्हणालं, तू हाय तशीच हायस."

"मग तुमी काय म्हणाला?"

"काय म्हणायचं? जेवाय वाढलं."

टीव्हीवरची मालिका जोरात चालल्यामुळे कंपनीनं श्रुतिका बंद करायचं ठरवलं. शेवटची मी एसटीत ऐकली. तिच्यात फारसं काही घडत नाही. ती पंपाचं तेल बदलते, माईक उघडते, आज काय खाल्लं ते सांगते आणि झोपायला जाते. मिरजेला उतरून मी लॅबमध्ये गेले. त्या दिवशी नमुने खूप होते.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. रेंज चांगली होती, आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. आईचं विचारलं, मोटरचं विचारलं.

"बाकी काय?" तो म्हणाला.

"बाकी काय न्हाई," मी म्हणाले.