मार्युनने आणलेलं तेल

फेरो बेटांवरच्या त्या गावात बोटींची इंजिनं हानुसच दुरुस्त करायचा. इंजिनाची झीज भरून काढतात म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांच्या बाटल्या दुकानात दिसल्या, की त्याचं डोकं फिरायचं. "झिजलेलं लोखंड बाटलीतून परत येतं होय?" असं तो भेटेल त्याला सुनवायचा.

धाकटा भाऊ बार्दुर ते हसण्यावारी न्यायचा. त्याचं जुनं इंजिन सारखं धूर ओकायचं, म्हणून वाढदिवसाला त्याच्या बायकोने, मार्युनने, तसलीच एक बाटली आणून दिली. ती ओतली आणि धूर खरंच कमी झाला.

"बघ दादा! आता तू मेंढरं राख," बार्दुर धक्क्यावरून ओरडला.

"तेल दाट झालंय, म्हणून धूर दबलाय. हिवाळ्यात इंजिन उघडू या."

"उघडू की! तोवर तुझं तोंड मिटलेलं असू दे."

थंडी सुरू होताना बार्दुर एकटाच कड्याखाली मासे धरायला गेला. ऐन लाटांच्या तोंडी इंजिन बंद पडलं. दुसऱ्या बोटीतल्या माणसांनी ते पाहिलं, पण ती पोचेपर्यंत बोट खडकावर आदळली होती. बार्दुर त्यांना पाण्यात सापडला. जीव गेला होता.

दफनानंतर मार्युनने सगळ्यांना कॉफी दिली, केक कापून दिला. रडली नाही. माणसं पांगल्यावर ती हानुसजवळ आली.

"माझ्या बाटलीमुळेच बंद पडलं ना?"

"उघडून बघतो. जे असेल तेच सांगेन."

मोडकी बोट गावकऱ्यांनी ओढून आणली होती. हानुसने इंजिन सुटं केलं. दोष बाटलीचाच निघणार, अशी त्याला आतून भीती वाटत होती. पण बेअरिंगं धड होती. तेलाच्या वाटा मोकळ्या होत्या, पिस्टनही अडकला नव्हता. तडकली होती ती डिझेलची तांब्याची नळी, पार नटाच्या गळ्याशी. तडा जुना होता, आतून काळा पडलेला. रोजच्या हादऱ्यांनी तो वाढत गेला आणि त्या दिवशी नळी तुटली.

ती नळी घेऊन तो मार्युनच्या स्वयंपाकघरात गेला. "हे बघ, डिझेल पोचलंच नाही. तुझ्या तेलानं इंजिनाचं भलं केलं नसेल, पण वाईटही केलं नाही."

तिने नळीला हात लावला नाही. "तू फार चांगला आहेस, हानुस. माझ्यासाठी खोटंही बोलशील."

"अगं, बार्दुरची शपथ!"

"जन्मभर त्या तेलांना शिव्या घातल्यास. आणि आज म्हणतोस, तेलानं काही केलं नाही?"

ती उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबली आणि चुलीकडे वळली.

वसंतात ती दुसऱ्या बेटावर बहिणीकडे राहायला गेली. त्या घराच्या खिडक्यांतून समुद्र दिसत नाही, असं तिची बहीण नंतर हानुसला म्हणाली.