सायलेन्सर : नाही

मामा पेन कानावर आणि चष्मा कपाळावर ठेवून दोन्ही शोधत फिरायचे. जेवताना घास हातात धरून रस्त्यावरून गेलेल्या गाडीचं दुखणं सांगायचे, कुणी विचारलेलं नसताना. कुठल्याही बॉनेटवर तळहात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा.

सगळेच त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं सायलेन्सर वेल्डिंगचं दुकान होतं. रविवारी ते आमच्या हौशी रेसिंग क्लबाचे तपासनीस. त्यांच्या सहीशिवाय गाडी ट्रॅकवर जात नसे. तपासणीचा फॉर्म वीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेला. क्लबात तो पोथीसारखा मानत, म्हणजे कुणी वाचत नसे.

यंदा त्यांची सख्खी भाची इलेक्ट्रिक गाडी घेऊन आली.

"हे काय आणलंस? मिक्सर?"

"मामा, तपासा ना."

मामांनी फॉर्म भरला. इंजिन ऑइल : नाही. पेट्रोल टाकीचं झाकण : नाही. सायलेन्सर : नाही. खाली लिहिलं, नापास.

"अहो मामा, जो सायलेन्सर नाहीच तो खराब कसा असेल?"

"नसणं हीच खराबी."

अध्यक्ष पोट धरून हसले. हे गृहस्थ म्हणजे ज्यांची गाडी दर शर्यतीत लोकांना ढकलत परत आणावी लागते. इलेक्ट्रिक गाड्या दोन फेऱ्यांत दमतात, हा त्यांचा सिद्धांत. भाचीने दुसऱ्या ट्रॅकवर आठ फेऱ्या मारल्याचं कळल्यावर म्हणाले, "फेऱ्यांचं काय घेऊन बसलात? खरी मजा आवाजात."

अंतिम शर्यतीच्या आधीच्या रविवारी भाची पुन्हा आली. मामा कुरकुरत गाडीच्या अगदी समोर उकिडवे बसले. बॉनेटवर तळहात ठेवला.

"चालू कर."

"चालूच आहे, मामा."

मामा मागच्या मागे पडले. चष्मा उडाला. सगळा क्लब खिदळला. मामा हसले नाहीत.

"चालू होती? आणि मी पुढ्यात बसलो होतो?"

"हो."

"मला कळलं नाही," ते म्हणाले. कपडे झटकत उठले आणि अध्यक्षांकडे वळले. "दोष गाडीत नाही, माझ्या फॉर्मात आहे. हिच्यासाठी नवा लिहितो. पुढच्या रविवारी ही पळणार."

"मामा, तुम्हीपण फितूर?"

"तुम्ही आधी स्वतःची गाडी चालू करून दाखवा, मग बोला."

गुरुवारी दुपारी मामा दुकानातच गेले. हृदयविकार. मला अजून खरं वाटत नाही.

रविवारी क्लबाने त्यांना दोन मिनिटं श्रद्धांजली वाहिली, इंजिनं रेस करून. अध्यक्ष रडले. मामा शेवटपर्यंत पेट्रोलशी एकनिष्ठ राहिले, असं म्हणाले. आठच दिवसांपूर्वी त्यांनीच मामांना फितूर म्हटलं होतं. कुणाला काही खटकलं नाही. मग त्यांनी कानावर पेन ठेवलं, जुना फॉर्म घेतला आणि तपासणीला निघाले. स्वतःची गाडी पास. भाचीची नापास. सायलेन्सर नाही.

भाची हेल्मेट काखेत धरून कुंपणाबाहेर उभी राहिली. अध्यक्षांची गाडी तिसऱ्या फेरीत बंद पडली. ढकलत आणली.

नवा फॉर्म मामींनी नंतर माझ्याकडे दिला. दुकानातल्या वहीचं पान आहे, काळ्या बोटांचे डाग पडलेलं. तीन मुद्दे पूर्ण आहेत : बॅटरीचं आवरण, जाड वायरी, ब्रेक. चौथ्याच्या आधी दोनदा खाडाखोड आहे. मग लिहिलंय, "गाडी चालू आहे हे समोरच्या माणसाला कळावं म्हणून"

पुढे पान कोरं आहे.