दुसरा गिअर

आठवीत असताना बाबांनी मला जाड टायरची, सरळ हँडलची सायकल घेतली, पण बिनगिअरची. "गिअर नंतर बसवून घेऊ," म्हणाले. असे नंतर बसत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कोलशेतच्या सपाट रस्त्यावर माझे पाय नुसते गरागरा फिरायचे आणि गिअरवाली मैत्रीण आरामात पुढे निघून जायची. अस्सा राग यायचा! खाडीकडच्या चिखलात मात्र तिची चेन हटकून पडायची, माझी कधीच नाही. तेवढंच सुख.

खरी वाट लागली कोपरीच्या पुलावर. अर्ध्या चढावर मी रडकुंडीला आले. मागून आपल्या जुन्या सायकलवर येणारे बाबा ओरडले, "अगं, सीटवरून ऊठ! उभी राहून मार! तोच तुझा दुसरा गिअर!" मी उठले आणि पूल चढले.

तेव्हापासून आमच्या घरात उभं राहण्याला 'गिअर टाकणं' म्हणतात.

पुढे काही वर्षांनी बाबांचा पाय मोडला. प्लास्टर निघालं त्या दिवशी मी त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"थांब गं. गिअर टाकतोय."